शारदेच्या गळ्यासाठी बुखारी

झाशीला थंडी पडते, हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पटवून देता देता माझे केस पिकले. झाशी म्हटलं की त्यांना फक्त उन्हाळा आठवतो. त्यांनी जानेवारीत एकदा लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या खोलीत सकाळी सहा वाजता दगडी फरशीवर अनवाणी उभं राहावं, मग बोलू. तशी थंडी सगळ्या शहरातच पडते, पण आमच्या घरी ती थेट माझ्या पत्नीच्या गळ्यात येऊन बसते. पौष लागला की शारदेचा आवाज बसतो आणि रथसप्तमीनंतर कधीतरी उठतो.

बायकोचा आवाज वर्षातून महिनाभर बसला तर कित्येक नवरे देवापुढे नारळ फोडतील, असं आमच्या कचेरीतले दिवाकर म्हणतात. त्यांच्या घरची परिस्थिती ते जाणोत. आमची अडचण निराळी होती, कारण शारदा गाते. हळदीकुंकवात आग्रह झाल्यावर गातात तसं नव्हे. खरंच गाते. लग्न झालं तेव्हा तिच्या माहेरून तांब्याची भांडी कमी आणि एक पेटी आली, आणि माझ्या आईनं भांडी मोजून झाल्यावर पेटीकडे बघून एक सुस्कारा टाकला होता.

तर ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तरची. ग्वाल्हेरच्या रेडिओवरून शारदेला आवाजाच्या चाचणीचं बोलावणं आलं. तारीख तीन फेब्रुवारी. हे तिसरं बोलावणं. पहिलं आलं तेव्हा आमच्या चंपाच्या वेळचे दिवस भरत आले होते. दुसरं आलं त्याच आठवड्यात आई गेली. दोन्ही वेळा शारदेनं ते पत्र शांतपणे घडी करून ठेवून दिलं होतं. या खेपेला ती अडतीस वर्षांची होती आणि पत्र हातात घेऊन मला म्हणाली, "अहो, आता घरात काहीही होऊ दे. मी जाणार."

मी म्हणालो, "तू जाणारच. गळ्याचं माझ्याकडे लागलं."

हे वाक्य मी का बोललो, असं मी आजही स्वतःला विचारतो. गळा तिचा, गाणं तिचं, चाचणी तिची. पण नवऱ्याच्या जातीला दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घेतल्याशिवाय मोठं झाल्यासारखं वाटत नाही.

गळ्याचं माझ्याकडे लागल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या शेजारच्या कुसुमावतीबाईंनी ज्येष्ठमध सांगितला. समोरच्या चौबेजींनी "भौजी खौं गरम घी में कारी मिर्च दो" असं सांगून वर स्वतःच्या म्हशीचं तूप आणून दिलं. नानासाहेब म्हणजे निवृत्त ओव्हरसियर आणि आमच्या तीस घरांच्या मराठी समाजाचे कायमचे अध्यक्ष. त्यांनी सांगितलं, तीन फेब्रुवारीपर्यंत बोलायचंच नाही. आता न बोलता रियाज कसा करायचा, हे त्यांना विचारायची छाती कोणाची नव्हती.

खरा उपाय सुचवला दिवाकरांनी. त्यांचे मेहुणे शिमल्याला होते. "गळा गरम ठेवून काय होणार? खोली गरम ठेवा. बुखारी घ्या!"

बुखारी म्हणजे काय ते ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पहाडातले लोक घर तापवायला वापरतात ते लोखंडी पिंप. खाली चार पाय, पोटाला दार, डोक्यावर धुराचा नळ. दारातून सरपण घालायचं, मग धूर नळातून बाहेर जातो आणि ऊब घरात राहते. निदान तशी अपेक्षा असते. ओरछा गेटच्या एका भंगारवाल्याकडे कुठल्याशा लिलावातली एक बुखारी पडून होती. ती मी हातगाडीवर घालून घरी आणली. तिच्या मागून मी चालत होतो आणि दर चार पावलांवर कोणी ना कोणी चौकशी करत होतं. आमच्या समाजातल्या केशवरावांना वाटलं मी जिलबीचं दुकान काढतोय. चौबेजी ओट्यावरून ओरडले, "काय बाबूजी, जो का लै आए?" मी ताठ मानेनं सांगितलं, "स्वास्थ्य का यंत्र है."

नळ बसवायला मिस्त्री आला. तो म्हणाला, नळ सरळ वर छपरातून काढू. तेवढ्यात नानासाहेब आले. ओव्हरसियर माणूस, कुठे काही बसवतायत असा वास आला की येणारच. ते म्हणाले, "सरळ नको. धूर सरळ गेला तर ऊबही घेऊन जातो. त्याला दोन वळणं द्या, खोलीत फिरवा आणि मग खिडकीतून बाहेर काढा."

मिस्त्री म्हणाला, "साहब, दो मोड़ में कालिख जमेगी. फिर धुआँ उलटा आएगा."

"मैंने पुल बनवाए हैं," नानासाहेब म्हणाले.

"धुएँ के?" मिस्त्रीनं विचारलं.

मी नानासाहेबांची बाजू घेतली. मिस्त्रीचं म्हणणं चूक वाटलं म्हणून नव्हे. पण दीड-दोनशे वर्षं परक्या मुलखात राहिलेल्या आम्हा तीस घरांचा एक अलिखित नियम आहे, की वाद हिंदीत आणि मराठीत झाला तर मराठी बोलणारा बरोबर. या नियमानं आजवर आमची बरीच लग्नं, दोन पतपेढ्या आणि एक शाळा बुडाली आहे. नळाला दोन वळणं मिळाली.

पुढचा प्रश्न सरपणाचा. बाभळीची लाकडं बुखारी अशी खायची की चार दिवसांचा साठा एका सकाळीच संपला. दगडी कोळसा परवान्यावर मिळत असे. मी अर्ज घेऊन पुरवठा कचेरीत गेलो. मी स्वतः कारकून, तेव्हा अर्ज कसा लिहावा हे मला कोणी शिकवायला नको. तरीही खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "किसलिए चाहिए? खाना बनाने के लिए?"

"नहीं," मी खरं ते सांगितलं, "पत्नी के गाने के लिए."

त्यानं लेखणी खाली ठेवली, चष्मा काढला आणि शेजारच्या बाबूला बोलावलं. दोघांनी मिळून नियमांची वही चाळली. स्वयंपाकाचा कोळसा होता, कारखान्याचा होता, विटांच्या भट्टीचा होता. गाण्याचा नव्हता. शेवटी त्यांनी तोडगा काढला: पत्नी गाते असा राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला आणा. मी आमच्या साहेबांकडे गेलो. साहेब प्रामाणिक गृहस्थ. म्हणाले, "मैंने तो सुना नहीं. बिना सुने कैसे लिख दूँ?" आणि ते दौऱ्यावर निघून गेले. तोवर जानेवारीची दहा तारीख उजाडली होती.

आणि नेमक्या त्याच दिवशी कुसुमावतीबाई एक गाठोडं घेऊन आल्या.

गाठोड्यात जुनी कॅलेंडरं होती. बारा वर्षांची. गणपती, दत्त, महालक्ष्मी, बाळकृष्ण. आता देवाचं चित्र असलेलं कॅलेंडर वर्ष संपलं म्हणून कचऱ्यात टाकता येत नाही, हे ज्याच्या घरी देव आहेत त्याला सांगायला नको. ते लक्ष्मी तालात, म्हणजे गावच्या तळ्यात, नेऊन सोडायचं. पण बाईंचे गुडघे धरले होते आणि पाणी थंडगार. त्या म्हणाल्या, "गजाननराव, अग्नी म्हणजे देवाचं मुख. तुमच्याकडे बुखारी आहेच. यांना तेवढं पोचवा."

मी त्यांना पोचवलं. एकेक कॅलेंडर कपाळाला लावून आत सोडलं. दहा मिनिटांत खोली अशी तापली की शारदेनं शाल काढून ठेवली, पेटी ओढली आणि गायला बसली. त्या सकाळी तिनं जे गायलं ते मला जन्मभर विसरता येणार नाही. ती वरच्या षड्जावर पोचली आणि तिथे सहज थांबून राहिली, जणू तिथेच राहायला आली होती. दाराशी दूधवाला माप हातात धरून उभा राहिला. गाणं संपल्यावर ती हसली आणि म्हणाली, "अहो, पंधरा वर्षांत जानेवारीत हा सा लागला नव्हता." त्या दिवशी मी कचेरीत असा वावरलो की षड्ज मीच लावला होता.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. झाशीत जितकी मराठी घरं, तितक्या माळ्यांवर टाकता न येणाऱ्या वस्तूंचे ढीग. कोणी काचा फुटलेल्या तसबिरींच्या चौकटी आणल्या, कोणी वाळवी लागलेला देव्हारा, त्यालाही तेलरंगाचे पाच-सहा हात दिलेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या त्या एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात नवऱ्यांच्या आज्यांच्या पोथ्यांचे मेणकापडी बस्ते घेऊन. चौबेजींनी रामलीलेतले लाखेनं रंगवलेले मुखवटे पाठवले. रावणाला नाही म्हणावं का, असा मला क्षणभर प्रश्न पडला, पण तोही ब्राह्मणच.

मी कोणालाही नाही म्हटलं नाही. फुकट सरपण मिळतंय हे एक कारण, पण ते लहान. मोठं कारण असं की उभ्या आयुष्यात माझ्या दाराशी कोणी काही मागायला आलं नव्हतं. कचेरीत मी तिसऱ्या टेबलावरचा कारकून. समाजाच्या सभेत सतरंज्या उचलणारा. आता महालक्ष्मीच्या देवळात लोक सरकून मला जागा द्यायचे. पुजारीसुद्धा "आइए, बुखारीवाले बाबूजी" म्हणायचा. मी आंघोळ करून, सोवळं नेसून बुखारी पेटवू लागलो. माणसाचं डोकं फिरतं ते एकदम नाही, थोडंथोडं फिरतं.

वीस तारखेच्या सुमाराला शारदा म्हणाली, "अहो, वास येतोय का हो तुम्हाला? तिखट?"

मी म्हणालो, "देवाच्या वस्तूंचा वास आहे."

दोन दिवसांनी ती म्हणाली, "गाताना घशात काहीतरी चरचरतंय. थोडी खिडकी उघडू का?"

मी म्हणालो, "वारा लागेल गळ्याला. वेडी आहेस का?"

 त्यानंतर ती पदर नाकाला धरून गायला बसू लागली. मला ते दिसत होतं. मला दिसत होतं, हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर लोकांना मी सांगितलं की मला कल्पना नव्हती. माझ्या उत्साहावर पाणी पडू नये म्हणून ती गप्प बसली आणि तिच्या त्या गप्प बसण्याला मी संमती समजलो. आमच्या संसारात बऱ्याच गोष्टी अशाच ठरल्या आहेत.

तीस जानेवारीला सकाळी नानासाहेब स्वतः हातगाडी घेऊन आले. समाजाच्या कपाटात सहा गणेशोत्सवांची आरास साठली होती. प्लास्टिकच्या फुलांचे हार, प्लास्टिकची तोरणं, रेक्झिनचा लाल पडदा, तेलरंगाची प्रभावळ. प्लास्टिकची फुलं तेव्हा नवी निघाली होती आणि सुकत नाहीत म्हणून समाजानं ती ठराव करून घेतली होती. "श्रींच्या अंगावरची आहेत," नानासाहेब म्हणाले. "दुसरं कुठे नेणार?"

एकदम सगळं घालू नये, एवढं मलाही कळत होतं. पण अध्यक्ष उभे होते. मी बुखारीचं पोट दाबून दाबून भरलं, दार लावलं आणि नानासाहेबांबरोबर बाहेर आलो, कारण चौबेजींना धूर पाहायचा होता. आत शारदा पेटी घेऊन बसलेली. चाचणीला चार दिवस राहिले होते.

खिडकीतल्या नळातून आधी काळा धूर आला. मग पिवळट. चौबेजी म्हणाले, "बाबूजी, आज तो रंग बदल रओ!" मग धूर येणं एकदम थांबलं. नानासाहेब समाधानानं म्हणाले, "पाहिलंत? संपूर्ण ज्वलन." मी मान डोलावली. आतून पेटीचा सूर येत होता, तोही थांबला. त्याचं मला काहीच वाटलं नाही. दोन ओळींमधला विसावा असेल, असं वाटलं.

मग दाराच्या फटीतून धूर आला.

मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरलं होतं. तीन आठवड्यांचं डांबरासारखं काजळ दोन्ही वळणांत साठून नळ बंद पडला होता आणि सहा गणेशोत्सव उलटे फिरून खोलीत आले होते. मी दार ढकललं तर समोर काही दिसेना. डोळ्यांत कोणी चुना टाकल्यासारखं झालं. शारदा उंबऱ्यापर्यंत सरपटत आली होती. आम्ही तिला ओढून ओट्यावर आणलं. चौबेजींनी दोन बादल्या पाणी बुखारीवर ओतलं आणि ती तोफेसारखा आवाज करून उभी चिरली. गल्ली जमा झाली. आगीचा बंब बोलवा, वैद्य बोलवा, कांदा हुंगवा, असे सल्ले चालू होते. शारदा खोकत होती, श्वास ओढत होती आणि मधेच माझ्याकडे बघून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "जलाया क्या था?"

मी यादी सांगितली. तसबिरी, तेलरंग, मेणकापड, लाख, रेक्झिन, प्लास्टिक. यादी लांबत गेली तसा माझा आवाज बारीक होत गेला. डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, कोरी सुकी लकड़ी या कोयला, बस. बाकी सब जहर है. ये चीजें तो खुले मैदान में भी नहीं जलाते, और आपने बंद कमरे में जलाईं." मग म्हणाले, "जान बच गई, यही समझिए. महीना भर एक शब्द नहीं."

नानासाहेब जवळच होते. ते म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून."

तारीख पुढे ढकलावी म्हणून मी रेडिओला तार करायला निघालो. शारदेनं माझा हात धरला. चंपाची पाटी घेतली आणि लिहिलं: "दोनदा राहिलं. आता नाही. मी जाणार."

तीन तारखेला आम्ही सकाळच्या गाडीनं ग्वाल्हेरला गेलो. ती लग्नातला शालू नेसली होती. डबरा स्टेशन गेल्यावर एका बाईनं तिला विचारलं, "बहनजी, कहाँ जा रही हो?" आणि शारदेनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, "रेडिओ पर गाने." बाई म्हणाली, "अच्छा! जरा सुनाओ ना." शारदा हसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. मी पायातल्या चपलांकडे पाहत बसलो.

स्टुडिओचं दार गादीसारखं जाड होतं. आतलं अक्षर बाहेर येत नाही. दारावर लाल दिवा, तो लागला की आत गाणं चालू आहे असं समजायचं. तिच्या आधीच्या मुलीच्या वेळी दिवा बारा मिनिटं लागलेला होता. शारदा आत गेली. दिवा लागला. मी बाकावर बसून मनात महालक्ष्मीला, दत्ताला, बारा वर्षांच्या सगळ्या कॅलेंडरांतल्या देवांना हात जोडले. मीच पोचवलेले देव, निदान ओळख तरी ठेवतील. दिवा विझला. मला वाटलं, बल्ब गेला. मी घड्याळ पाहिलं, तर दोन मिनिटंही झाली नव्हती.

ती बाहेर आली. मागोमाग एक वयस्क अधिकारी आले. भला माणूस. मला म्हणाले, "गला खराब है इनका. पर सुर की पकड़ बहुत अच्छी है. पहले क्यों नहीं आईं?"

मी त्यांना झाशीच्या गाडीची वेळ विचारली.

परतीच्या गाडीत माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "शारदा, बोल मला. शिव्या दे. पाटीवर लिही हवं तर." तिनं पाटी घेतली नाही. कानाजवळ येऊन, डॉक्टरांचं ऐकायचं सोडून, फाटक्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्या कोणी केलं असतं ना, तर भांडले असते. तुम्ही माझ्यासाठी आणली होतीत. आता कोणाशी भांडू?"

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

चिरलेली बुखारी चौबेजी घेऊन गेले आणि त्यांची म्हैस तिच्यात भुसा खाते. नानासाहेबांनी समाजाच्या सभेत "धूर आणि आपण" या विषयावर तासभर भाषण केलं. मी सतरंज्या उचलल्या. आता संक्रांतीनंतर सगळ्यांची जुनी कॅलेंडरं मी सायकलवर घालून लक्ष्मी तालावर नेतो. कोणी सांगितलेलं नाही, मीच नेतो.

शारदेचा आवाज होळीपर्यंत परतला. बोलण्यापुरता चांगलाच. गायला बसली तेव्हा तिनं पट्टी उतरवली. काळी चारमध्ये गायची ती काळी दोनमध्ये गाऊ लागली आणि तिथेही वरच्या षड्जाजवळ आली की आवाज फाटतो. रेडिओचा अर्ज तिनं पुन्हा भरला नाही. आता गल्लीतल्या मुलींना शिकवते. हिंदी घरच्या मुली, त्यांच्या तोंडी आमचे मराठी अभंग जरा विचित्र वाटतात, पण गातात छान. त्यांना शिकवताना ती सप्तक चढत जाते, वरच्या सा ला स्वतः थांबते आणि हात वर करून मुलीला पुढे जायला सांगते.

परवा मी त्यांतल्या एकीला सहज विचारलं, "तुम्हारी चाची ऊपर का सा खुद क्यों नहीं लगातीं?"

ती म्हणाली, "मैंने पूछा था. चाची बोलीं, मेरा तो बचपन से ही नहीं लगता."

त्या धुरानंतरच्या पंधरा वर्षांत खरं काय ते तिनं एकदाही कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून मी सांगितलं. तिला तो सा लागत होता. दहा जानेवारी एकोणीसशे एकोणसत्तरला, सकाळी सातच्या सुमाराला, मी स्वतः ऐकला आहे.